हॅडलीपूरचा सहावा पांडव

हॅडलीपूर, ता. कंधार
२ डिसेंबर २०२४

सुदर्शन,

आक्काचा आशीर्वाद घे. नको असंल तर शेजाऱ्याला दे, पण माघारी धाडू नको.

तू माझा फोन बंद करून ठेवलास त्याला आठ वर्सं होत आली. तुझ्या घरचा पत्ता मला ठाऊक न्हाई, म्हून शिरूर अनंतपाळला तुझ्या शाळेच्या पत्त्यावर रजिस्टर करून राहिले. हेडमास्तरांनी फोडलं तर फोडू दे. त्यांना बी कळू दे, इतिहासाच्या मास्तराला घरात सख्खी बहीण हाय.

दोन वर्सांमागं बायांची जागा सुटली अन् मी सरपंच झाले. हसू नको. तुझे भावजी तर तीन दिवस हसत होते. मग चौथ्या दिवशी मी त्यांना पाणीपट्टीची नोटीस दिली, तवा थांबले.

आता कामाचं ऐक. मागल्या महिन्यात पंचायतीच्या कम्प्युटरवर इंग्लंडहून पत्र आलं. त्या हॅडली गव्हर्नराचा पणतू. पणजोबाच्या नावाचं गाव हिंदुस्थानात हाय म्हणे, ते बघायला यायचंय. झालं! आपले लक्ष्मणराव, माजी सरपंच, तेव्हापासनं जमिनीवर चालून राहिले न्हाईत. गावच्या तोंडाशी कमान बांधायची, वर स्टीलची हातभर अक्षरं बसवायची, "हॅडलीपूर". अन् पाहुण्याच्या हातून फीत कापायची. त्यांचं दुकान बी "हॅडली कृषी सेवा केंद्र" हाय ना. खतं विकणारा माणूस, आता साहेबाच्या घरचा असल्यागत बोलतो. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत कमानीचा ठराव हाय.

आमची ग्रामसेविका तनुजा उमरीकडची पोरगी. नवी हाय, तिनं इचारलं, "ताई, हा हॅडली कोण?" मी तुझ्याच तोंडचं तिला सांगितलं. निजामाच्या राज्यात इथं तळं बांधायला घेतलं, त्यात आपलं जुनं गाव बुडालं, जांभसांगवी. माणसं वर माळावर आणून बसवली. तेवढ्यात कुठल्या तरी इलाख्याचा हा गोरा गव्हर्नर निजामाचा पाहुणा म्हून बदकं मारायला आला. तालुकदाराला वर नंबर लावायचा होता, त्यानं नव्या गावाला पाहुण्याचं नाव देऊन टाकलं. साहेब दोन घंटे थांबला, तीन बदकं मारली अन् गेला. बाराशे माणसांच्या आधार कार्डावर अजून त्याचंच नाव हाय.

तनुजानं लगेच कपाट उघडलं अन् त्यातनं तुझी जुनी दरखास्त काढली. "गावाचे मूळ नाव जांभसांगवी पुन्हा मिळणेबाबत. अर्जदार सुदर्शन ग्यानोबा." तुझं अक्षर बघून माझं डोकं जागेवर राहिलं न्हाई. चहा सांडला मी त्या कागदावर. कोपऱ्यावरच, घाबरू नको.

कमान उभी राहिली की नाव बदलायचं इसरा. सिमेंटच्या वर कोण जातंय? मला ही दरखास्त सव्वीसला पुन्हा मांडायची हाय. तू हैदराबादहून जे कागद आणले होतेस ते धाड. माझ्यावर राग धर, गावावर धरू नको.

शिवकांता

हॅडलीपूर
१९ डिसेंबर २०२४

सुदर्शन,

पोचपावती आली. सही तुझीच हाय, शेवटी शेपूट ओढायची सवय गेली न्हाई तुझी. म्हणजे पत्र पोचलं. म्हणजे वाचलं. म्हणजे मुद्दाम गप्प हायस. हाव, मला बी येतं असलं गणित.

कमानीचे दोन्ही खांब उभे राहिले. लक्ष्मणराव म्हणतात, ठराव काय, नुसता शिक्का मारायचा राहिलाय. अक्षरं नांदेडला टाकलीत करायला. तनुजानं तहसिलात जाऊन जुनी दफ्तरं बघितली. सगळी उर्दूत, अन् आपलं पान सुरूच होतंय हॅडलीपूर म्हून. ती म्हणते, "ताई, सबूत नसताना ठराव केला तर नांदेडहून आठ दिवसांत माघारी येईल." ऋतुजानं तरी सांगावं तुला, की बाबा, दे ते कागद. ती माझी भावजय, तिला माझी थोडी कीव येत असंल.

का तुझ्याकडं बी काही न्हाईच? आठ वर्सांमागं तुझ्या दरखास्तीवर ग्रामसभेत लक्ष्मणरावांनी "पुरावा काढ" म्हणलं अन् तू नुसता उभा राहिलास, ते अजून दिसतंय मला. त्यावर मी उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "खाली बस सुदर्शन. बापाच्या मयतीला आला न्हाईस अन् गावाचं बारसं करायला निघालास." दोनशे माणसांत. माणसं हसली. तू खाली बसलास, मग उठलास, अन् सरळ स्टँडवर गेलास.

तू दादांसाठी, आपल्या बापासाठी, काय कमी केलंस असं न्हाई. तू हैदराबादला जुन्या दफ्तरात बसला होतास, तुला कळलं तवर इकडं सगळं उरकलं होतं. हे मला तवा बी कळत होतं. कळत असून बोलले. राग हाय तो माझा, कडेला लावायला जागा पाहिजे होती, तू सापडलास.

दादांनी शेवटी तुझंच नाव घेतलं. हे मी तुला कधी सांगितलं न्हाई. आणखी बी काहीतरी बोलले. ते राहू दे आत्ता.

येळवस जवळ आली, मार्गशीर्षाची अवस. तुझ्या वावरातच करणार हाय, नेहमीसारखी. पांडवांवर कोपी उभी करायला कडबा बाजूला ठेवलाय.

शिवकांता

हॅडलीपूर
३१ डिसेंबर २०२४

सुदर्शन,

हे पत्र बसून वाच. वर्गात वाचू नको.

काल येळवस झाली. आता जे राहू दे म्हणलं होतं ते सांगते. आठ वर्सं जिभेवर दगड ठेवला होता, आता उचलला.

आपल्या वावरात पांडव सहा. सगळ्या शिवारात येळवसला पाच दगडांना चुना लावून पांडव म्हून पुजतात, अन् आपल्याकडं सहा. गाव हसायचं, ग्यानोबाला मोजता येत न्हाई म्हून. आई सांगायची, सहावा कर्ण हाय, त्याला बी जेवू घालावं. तू लहानपणी त्याच्याच पुढ्यातला बाजरीचा उंडा पळवायचास, कारण कर्ण दानशूर हाय, तो रागावत न्हाई.

तो कर्ण न्हाई रे.

दादांना जायच्या आदल्या दिवशी जरा हुशारी आली. मला जवळ बोलावलं अन् म्हणाले, "सुदर्शनला सांग, हैदराबादला काहून हिंडून राहिला? सहावा पांडव म्हंजे जुन्या गावच्या वेशीचा दगड हाय. त्याच्यावर नाव हाय." जुनं गाव रिकामं करताना तालुकदारानं हुकूम काढला होता, वेशीचा दगड फोडून तळ्याच्या बांधावर टाका. आज्जानं पहाटे तो गाडीत घातला, वर कडबा रचला, वावरात आणला, अन् कुणाला ओळखू येऊ नये म्हून चुना फासून पांडवांच्या रांगेत उभा केला. देवाला कोण हात लावतंय! शिपाई आले, नमस्कार करून गेले. पुढं आज्जा बी गेला, अन् घरानं खरंच देव मानला. दादांना ठाऊक होतं, पण एकदा देव झालेल्या दगडाला सबूत कसं म्हणावं, म्हून ते बी गप्प बसले.

अन् मी? मला सांगून ठेवलेला निरोप मी तुला दिला न्हाई. आधी राग होता, बाप जाताना तू नव्हतास म्हून. मग ग्रामसभेत तुला तसं बोलले. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार, की अरे, तू जे मागत होतास ते तुझ्याच वावरात हाय अन् मला ठाऊक होतं? मी तिथं बसून तुला पुराव्यावाचून हरू दिलं. अन् नंतर दर येळवसला माझ्याच हातानं त्याच्यावर चुन्याचा एकेक हात फिरवत गेले. चोरी लपवावी तशी. माफ कर म्हणायला बी लाज वाटती, तरी म्हणते. माफ कर.

काल पूजा झाली, शेजारची माणसं भज्जी अंबील खाऊन गेली. मग मी तुझ्या भावजींना म्हणलं, सहाव्या पांडवाचा चुना काढायचाय. बालाजीराव दोन पावलं मागं सरकले. "देव खरवडती का? येडी झालीस का?" कुदळीला हात लावू देईनात. तेवढ्यात मल्लम्मा आली. आपल्या बांधावरची म्हातारी मल्लम्मा. तिच्या सासऱ्यानं त्या तळ्याचा दगड घडवला, दगडाचं तिला जेवढं कळतं तेवढं इंजिनिअरला कळत न्हाई. ती म्हणाली, "अय्यो, खरवडू नको. नाव हाय तर नाव बी जाईल. आंबट घाल, आंबट. चुना आपसूक सुटतंय."

आंबट म्हून वावरात काय होतं? बिंदग्याच्या मडक्यातली उरलेली अंबील. अन् तनुजानं चिंच कोळली. मी आधी हात जोडले, "देवा, तू कोण बी अस, आज तुझं तोंड धुवून राहिले, राग मानू नको." मग ओतली. चुना फसफसायला लागला. मल्लम्मा नारळाच्या शेंडीनं हळूहळू घासून राहिली, एक थर, दुसरा थर. नव्वद वर्सांचा चुना, सुदर्शन! पोपडे निघत होते ते बोटभर जाड. बालाजीराव डोळे मिटून भीमाच्या मागं उभे.

पयलं "श्री" दिसलं. तनुजा ओरडलीच. मग ती खाली बसून बोटानं चाचपत वाचायला लागली. बाळबोध अक्षर हाय, खोल कोरलेलं. "मौजे जांभसांगवी. शके १७७१."

मी रडले. मल्लम्मा रडली. बालाजीरावांनी डोळे उघडले, वाचलं, अन् त्यांनी पयल्यांदा काय इचारलं सांगू? "सुदर्शनला फोन लावला का?"

लावला रे. अजून बंदच हाय.

शिवकांता

हॅडलीपूर (आणखी थोडे दिवस)
२७ जानेवारी २०२५

सुदर्शन,

जिंकलो!

क्रमानं सांगते, न्हाईतर माझं तोंड पुढं अन् गोष्ट मागं असं व्हायचं.

पंचवीसला बायांची ग्रामसभा. दरवेळी बारा बाया येत्यात, त्यातल्या चार मी ओढून आणते. परवा एकशे साठ आल्या. मल्लम्मानं घरोघर जाऊन सांगितलं होतं, सरपंचबाई दगड दाखवणार हाय. मी एकच इचारलं, तुमचं माहेर कोणतं? कुणी उदगीरची, कुणी देगलूरची, कुणी निलंग्याची, सगळ्यांनी कसं ऐटीत सांगितलं. मग म्हणलं, तुमच्या पोरींचं माहेर कोणतं? मागनं नीलाबाई म्हणाली, "बदकं मारणाऱ्याचं!" जे हसू उठलं ते थांबता थांबेना. तिथंच एकशे साठ हात वर.

सव्वीसला मोठी ग्रामसभा. झेंडावंदन झालं, माणसं शाळेच्या मैदानातच बसली. दगड हलवायचा न्हाई असं बालाजीरावांनी निक्षून सांगितलेलं, म्हून तनुजानं तहसीलदार साहेबांना आधीच वावरात नेऊन पंचनामा केला होता. फोटो मोठा करून पडद्यावर दाखवला.

लक्ष्मणराव उठले. "फोटोत काय बी करता येतंय आजकाल. अन् असा दगड होता तर आठ वर्सांमागं कुठं होता? तवा तर तुमच्याच भावाकडं पुरावा नव्हता."

बघ, नेमकं तिथंच बोट ठेवलं. मला म्हणता आलं असतं, आत्ताच सापडला. तनुजा तेच म्हणायला सांगत होती. पण मी माईक घेतला अन् म्हणलं, "दगड होता. मला ठाऊक होता. मी सांगितला न्हाई. आठ वर्सांमागं ह्याच जागेवर माझा भाऊ खरं बोलून राहिला होता अन् मी सख्खी बहीण असून त्याला बापाच्या नावानं खाली बसवलं. तुम्ही हसलात ते माझ्या बोलण्यावर हसलात. ते बोलणं मी आज ह्या सभेत माघारी घेते. दरखास्त माझी न्हाई, सुदर्शन ग्यानोबाची हाय, अन् ठरावात त्याचंच नाव येणार. ज्याला सरपंच बदलायचा हाय त्यानं खुशाल बदलावा, पण आधी गावाचं नाव बदला."

कुणी हसलं न्हाई.

लक्ष्मणराव पडद्याकडं बघत होते. मग चष्मा पुसला अन् म्हणाले, "माझा आज्जा झोपेत जांभसांगवी जांभसांगवी म्हणायचा. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला जांभळं खायचीत." अन् खाली बसताना बोलले, "कमान मात्र पाडू द्यायचा न्हाई मी. वरची अक्षरं बदला." अन् त्यांनीच पयला हात वर केला! मानी माणूस हाय, हरला तरी पयला नंबर सोडला न्हाई. माणसांनी टाळ्या पिटल्या, पोरांनी हलग्या आणल्या. ज्या मैदानातनं तू मान खाली घालून गेलास त्याच मैदानात तुझ्या नावाचा जयजयकार झाला रे. माझा घसा बसलाय, मी सगळ्यात मोठ्यानं ओरडले.

इंग्लंडच्या पणतूला तनुजानं उत्तर धाडलं. जरूर या, तळं बघा, भाकरी खा, बदकांना हात लावू नका. नाव आम्ही परत घेतलंय. त्याचं लगेच उत्तर आलं. लिहितो, बरं केलंत, पणजोबाला आपल्या नावाचं गाव हाय हे मरेपर्यंत ठाऊक बी नव्हतं. घे! ज्याच्या नावाखाली तीन पिढ्या गेल्या त्याच्या गावी बी न्हाई.

आता फाईल नांदेडला जाईल, तिथनं मुंबईला, मग दिल्लीला. तनुजा म्हणते वर्स लागंल, दोन बी लागतील. लागू दे. सबूत पक्का हाय.

तुला ये म्हणत न्हाई. तो हक्क माझा मीच घालवला. जिंकलास हे कुणीतरी तुला सांगायला पाहिजे, म्हून लिवलं.

शिवकांता

जांभसांगवी
१४ फेब्रुवारी २०२५

सुदर्शन,

तुझं पत्र आलं. अजून वाचलं न्हाई. वाचायच्या आधीच उत्तर लिवून राहिले, कारण ऐक.

दुपारी पोस्टमन नागप्पा सायकल घेऊन आला. घरी न येता पाराजवळ थांबला अन् मोठ्यानं बोलला, "ओ माणसं, हे पाकीट बघा. कंधारच्या पोस्टात साहेब म्हणाले, असलं गावच न्हाई लिस्टात, माघारी धाडा. मी म्हणलं, द्या इकडं, मला ठाऊक हाय कुठं हाय ते."

पाकिटावर तुझं अक्षर. शिवकांता बालाजी, सरपंच, जांभसांगवी, तालुका कंधार. हॅडलीचा कंसात सुद्धा पत्ता न्हाई.

सरकारचा कागद अजून नांदेडच्या पुढं गेला न्हाई. कमानीवर अक्षरं न्हाईत. बसच्या पाटीवर न्हाईत. जुन्या नावानं गावात आलेला हा पयला कागद, अन् तो तुझा. पारावर माणसं पाकीट हातात घेऊन बघायला लागली. लक्ष्मणरावांनी दुकानातनं चष्मा मागवला अन् उभ्यानं वाचून दाखवलं, तीनदा. मग ते मल्लम्माकडं गेलं. तिला वाचता येत न्हाई, म्हून तिनं नागप्पाला बोट धरून अक्षरावर फिरवायला लावलं. तिथनं बायांच्या गटात गेलं. नीलाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं म्हणे. दिवस कलला, मी दारात उभी, अन् माझं पत्र सगळ्या गावाच्या हातात फिरून राहिलंय. मी सरपंच असून मला नंबर न्हाई!

कुणी फोडलं मात्र न्हाई. लक्ष्मणरावांनी तंबी दिलीय, आतलं सरपंचबाईचं, वरचं गावाचं.

आत काय लिवलंस ते देव जाणे. शिव्या असतील तर असू देत, मी त्या पुरेपूर कमावल्यात. वाचीन, एकेक वाचीन, अन् पुन्हा उत्तर देईन. पण वरचं वाचून मला कळलं ते कळलं. आठ वर्सांत तू पयल्यांदा घरचा पत्ता लिवलास, सुदर्शन. अन् पत्र बरोबर घरी पोचलं.

तुझी आक्का